क्राउनर

सकाळी दहाला सोनं होतं.
लेनर्ड पास्कने बीटच्या शेतात यंत्र फिरवून उकरलेली
अंगठी, तीन नाणी, वाकलेलं एक बकल,
सगळं पारदर्शक पिशवीत, पिशवीवर माझ्या अक्षरातला नंबर.
बाईंनी विचारलं, किती खोल? कोणत्या तारखेला?
तो टोपी हातात फिरवत उत्तरं देत राहिला
चोरी पकडली गेल्यासारखा.

साडेअकराला किट सावर्बी.
वय एकोणीस. त्याची फाईल होती.

त्याच खुर्च्या, तोच पाण्याचा जग.
सोनं आणि मुडदा एकाच दालनात का येतात
हे मला नोकरीची चार वर्षं झाल्यावर उमगलं:
दोन्ही मातीत सापडतात,
आणि दोन्हींवर पहिला हात राजाचा होता.

शब्दातच आहे ते. कॉरोनर, मुकुटाचा माणूस.
लॅटिनचा मुकुट फ्रेंचांच्या घोड्यावर बसून
या लिंकनशरच्या दलदलीत उतरला
आणि इथल्या चिखलाळ जिभांनी त्याचा क्राउनर केला.
माझे चुलते शेवटपर्यंत तसंच म्हणायचे.
साथीच्या वर्षी मात्र फोनवर हुद्दा सांगितला
की पलीकडे श्वास अडकायचा.
नाही हो, मी म्हणायचो, तो वेगळा.
वेगळा कुठला? तोच मुकुट, दुसरं डोकं.

आठशे वर्षांपूर्वी कुणी अवचित मेलं की हा यायचा.
रडायला नव्हे, मोजायला.
प्रेत आधीच पुरलं? गावाला दंड.
पहिल्यांदा पाहिलं त्याने बोंब ठोकली नाही? त्याला दंड.
म्हणून रात्री कंदील झाकून
लोक बुडालेल्याला ओढत नेत शेजारच्या हद्दीत,
आणि उजाडायच्या आत तिकडचे परत आणून टाकत.
जिवंतपणी इतकी पायपीट झाली नसेल बिचाऱ्याची.

ज्याने जीव घेतला ती वस्तू,
गाडीचं चाक, विहिरीचा दोर, उधळलेला बैल,
देवाला द्यायची.
म्हणजे कागदावर देवाला, खजिन्यात राजाला.
पुढे आगगाड्या आल्या, त्याही माणसं मारू लागल्या,
आणि इंजिन देवाला वाहायला कुठली कंपनी तयार होणार?
कायदाच मोडीत निघाला.

हे सगळं मी लॉर्ना सावर्बीला सांगणार नव्हतो.
पण सुट्टीत, चहाच्या मशीनपाशी,
दारावरच्या पाटीकडे बघत तिने विचारलं,
या शब्दाचा अर्थ काय हो?
लोक असं काहीही विचारतात इथे, रडण्याऐवजी.
मी सांगत गेलो, चाकापर्यंत आलो,
आणि जीभ चावली.

ती म्हणाली, मग ट्रॅक्टर घेऊन जा ना.
धुऊन ठेवलाय. विमावाले पाहून गेले.
त्याचे वडील रोज तोच बाहेर काढतात,
बीट काय थांबत नाही कुणासाठी.
सहाला सुरू होतो, मी उशी कानावर घेते.
घेऊन जा. देवाला द्या, राजाला द्या.

माझ्याकडे त्याचा फॉर्म नव्हता.

आत बाईंनी चार उत्तरं वाचली.
कोण: क्रिस्टोफर सावर्बी, किट म्हणून ओळखला जाणारा.
केव्हा: चौदा नोव्हेंबर, उजाडण्यापूर्वी.
कुठे: फॉक्सहोलचा चर, वळणापाशी.
कसा: काठ खचला, केबिन उलटी, पाणी अडीच फूट.
का, याला रकाना नाही.
दोष कुणाचा, हे ठरवायची या खुर्चीला बंदी;
खुर्चीच्या वर सिंह, शिंगाचा घोडा, आणि मुकुट,
डाव्या बाजूने रंगाचा पोपडा उडालेला.

बाप शेवटच्या रांगेत होता. हात घासून धुतलेले,
नखांच्या कडेची माती तशीच.
अडीच ऐकल्यावर त्याने तळहात आडवा केला,
जमिनीपासून वर आणला,
गुडघ्याच्या जरा वर थांबवला, कुणाला दाखवायला नव्हे,
आणि बाई उठून गेल्या तरी
तिथेच धरून ठेवला.